पौर्णिमा संपते किती वाजता?

मंडळी, चंद्रोदयाचे फोटो काढायच्या सहलीची तारीख ठरवताना कॅलेंडरवरची पौर्णिमा बघून थांबू नका. ती तिथी किती वाजता संपते तेही वाचा. पौर्णिमा संपण्याचा क्षण म्हणजे चंद्र सूर्याच्या बरोबर समोर येण्याचा क्षण. तो सूर्यास्ताच्या सुमारास आला, तर इकडे सूर्य मावळतो आणि तिकडे चंद्र उगवतो. पण तिथी सकाळी आठलाच संपली असेल, तर त्या संध्याकाळी चंद्र उशिरा येतो. ढोबळ हिशेब तासाला दोन मिनिटांचा: दहा तास उलटले की वीसेक मिनिटं उशीर. आदल्या संध्याकाळी तोच चंद्र सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी वर येतो. अशा वेळी आदला दिवसच धरा. नाहीतर चंद्र धुरकटातून वर येईपर्यंत तलावाची पाळ, बांधीतलं धान सगळं काळं पडतं आणि फोटोत नुसता पांढरा ठिपका उरतो. जमिनीचा आणि चंद्राचा उजेड जुळतो तो वेळ फार तर पंधरा मिनिटांचा.

दिशाही महिन्यागणिक सरकते. पौषातला पूर्ण चंद्र जूनमधला सूर्य उगवतो त्या बाजूला, पूर्वेच्या बराच उत्तरेला. वटपौर्णिमेचा डिसेंबरच्या सूर्याच्या बाजूला. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे वर्षागणिक फरक पडतो. चंद्र उगवतो त्या दिशेचा नेमका अंश फोटोपिल्ससारख्या ॲपवरून घ्या.

आता अंतर, कारण मोठा चंद्र लेन्सपेक्षा अंतरातून मिळतो. चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणजे एक किलोमीटरवरच्या वस्तूशेजारी तो नऊ मीटरचा, दोन किलोमीटरवर अठरा मीटरचा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून चालणारा माणूस 500 मीटरवरून टिपलात, तर मागचा चंद्र त्याच्या जवळजवळ तिप्पट. तोच माणूस पन्नास मीटरवर असेल, तर चंद्र जेमतेम त्याच्या डोक्याच्या दुप्पट, कारण तिथे तो अर्ध्या मीटरलाही भरत नाही.

टेकडीवरच्या देवळामागे चंद्र हवा असेल, तर सर्वांत जास्त चुका इथे होतात. ॲपमधली चंद्रोदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते. समजा, रामटेकसारख्या गडावरचं शिखर तुमच्यापेक्षा शंभर मीटर उंच आहे आणि तुम्ही पश्चिमेला दोन किलोमीटरवर उभे आहात. तिथवर चढायला चंद्राला बारा-तेरा मिनिटं लागतात. आपल्या अक्षांशावर तो सरळ वर न जाता उजवीकडे कलत जातो, तेवढ्या वेळात दोन चंद्रांएवढा. म्हणजे उगवत्या अंशाच्या रेषेवर उभं राहिलात तर शिखर चुकलंच. पस्तीस-चाळीस मीटर डावीकडे, उत्तरेला सरका. सगळ्यांनी एकाच जागी दाटी करू नये ते यासाठीच: अठरा मीटर बाजूला उभ्या असलेल्याला चंद्र पूर्ण एका रुंदीने सरकलेला दिसतो. ओळीने पांगून उभे राहा, एकाला तरी नेमका सापडतो.

कॅमेरा मॅन्युअलवर. सुरुवात आयएसओ 400, छिद्र एफ/8, शटर 1/125 सेकंद. चंद्र वर चढेल तसा उजळतो, शटर वेगवान करत जा. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वरच ठेवा. ऑटोवर उगवतीचा तांबूस रंग धुऊन जातो. फोकस उजेड असतानाच लांबच्या शिखरावर, स्क्रीन मोठी करून लावा आणि मग मॅन्युअल करून त्याला हात लावू नका. फुल फ्रेमवर 400 मिमी, एफ/8 असताना 700 मीटरच्या पलीकडचं सगळं चंद्रासकट स्पष्ट येतं.

ट्रायपॉड काळ्या मातीत हळूहळू रुतत जातो. ओल्या वावरात पाय रोवून तुम्ही फ्रेम लावता आणि दहा मिनिटांत क्षितिज तिरकं. प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवा. मधला दांडा खाली घ्या. वजनासाठी बॅग लटकवलीत तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, नाहीतर वाऱ्याने तीच झुलते आणि कॅमेरा हलवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, टायमर दोन सेकंदांचा.

कापणी झालेल्या वावरावरून किंवा डांबरी रस्त्यावरून नजर जमिनीलगत जात असेल, तर तापलेल्या हवेत चंद्राची कड पाण्यासारखी लहरते. ते फोकस चुकल्यासारखं दिसतं आणि माणूस उगाच रिंग फिरवत बसतो. त्यापेक्षा पाळीवर किंवा उंच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चढा.

वावराच्या मालकाला आधी विचारा. उभ्या पिकात शिरू नका, धुऱ्यावरूनच चाला. परत येताना अंधार असतो आणि बांधीत साप निघतात, म्हणून प्रत्येकाजवळ टॉर्च आणि पायात बूट हवेत. जंगलालगतची जागा असेल तर तिन्हीसांजेनंतर रेंगाळू नका, ट्रायपॉड गाडीजवळ येऊनच आवरा.