त्या उडीचं वजन

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'हेरपटांच्या पुढच्या भागांचं आकर्षण', पण मी मुख्यतः एकाच सिनेमावर बोलणार आहे. 2018 सालचा 'मिशन इम्पॉसिबल – फॉलआउट', मालिकेतला सहावा. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, त्यामुळे प्लुटोनियमचे ते तीन गोळे कोणाकडून कोणाकडे गेले हे सांगत बसत नाही.

आधी मध्यंतराचं बोलतो. ही गोष्ट इतकी वर्षं मनात खुपते आहे. थिएटरचं नाव घेत नाही. पडद्यावर पॅरिस. टॉम क्रूझ मोटारसायकलवर, डोक्यावर हेल्मेट नाही. आर्क द ट्रायम्फच्या त्या प्रचंड चौकात बारा रस्ते येऊन मिळतात, आणि हा माणूस वाहतुकीच्या उलट दिशेने आत घुसतो. माझा चौदा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. त्याने खुर्चीचा हात असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. आणि धाडकन दिवे लागले. मध्यंतर! समोशाच्या जाहिराती सुरू.

परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं. आपला हिंदी-मराठी पटकथाकार मध्यंतर डोक्यात ठेवूनच लिहितो, तिथे गाठ मारून ठेवतो, प्रेक्षक चहा पिताना त्या गाठीचाच विचार करतो. ती आपली कला आहे आणि मला प्रिय आहे. पण 147 मिनिटं सलग बघायचा सिनेमा घड्याळ बघून मधोमध कापला, तर प्रेक्षकाचा रोखलेला श्वासच कापला जातो. दहा मिनिटांनी पाठलाग पुन्हा सुरू झाला तेव्हा भाचा रेलून बसला होता. तो हात पुन्हा खुर्चीवर गेला नाही. त्याच्या वाटणीचं पॅरिस हिरावून घेतलं गेलं, असं मला आजही वाटतं.

हा श्वास येतो कुठून, हा माझा खरा मुद्दा आहे. विमानातून उडी मारण्याचा प्रसंग आठवा. सिनेमात ते पॅरिसचं आकाश आहे, चित्रीकरण अबू धाबीच्या वाळवंटावर झालं. सुमारे 25,000 फुटांवरून क्रूझची स्वतःची उडी. कॅमेरामन क्रेग ओब्रायन हेल्मेटवर कॅमेरा बांधून बरोबरच उडी घेतो. हवा होता तो संधिप्रकाश दिवसाला जेमतेम काही मिनिटं टिकायचा, म्हणजे दिवसाला एकच टेक. बिघडला तर उद्या. शंभराहून जास्त उड्या मारल्या तेव्हा तो प्रसंग जमला.

आणि शेवट? काश्मीर म्हणून जे दाखवलंय ते बरंचसं न्यूझीलंड आहे, आणि तो सरळसोट कडा नॉर्वेतला प्रेइकेस्तोलेन, 604 मीटरचा. आपल्याला हे माहीत असतं, तरी तळहाताला घाम फुटतो. कारण त्या दोराला लटकलेल्या शरीराचं वजन आपल्याला जाणवत असतं.

जाता जाता संगीताचं. या सिनेमांची ओळखीची धून लालो शिफ्रिन यांनी मुळात याच नावाच्या 1966 च्या टीव्ही मालिकेसाठी केली. तबल्यावर बसणाऱ्यांनी मोजून बघा, दहा मात्रा, तीन-तीन-दोन-दोन. आपला झपतालही दहाचाच, फक्त खंड दोन-तीन-दोन-तीन असे. चारच्या ठेक्याला सरावलेला कान प्रत्येक आवर्तनात जरा अडखळतो, आणि पुढे काहीतरी होणार ही हुरहूर तिथूनच—

चिठ्ठी आली, सात मिनिटं. म्हणजे आता भरभर.

पुढचा भाग बघायला आपण का जातो? कथा तर माहीतच असते. कामगिरी मिळणार, मुखवटे गळून पडणार, शेवटच्या सेकंदाला बॉम्ब निकामी होणार. दशावतारातही संकासुर मरणार हे कोकणातल्या पोराला ठाऊक असतं, तरी ते रात्रभर जागतं. आज कसं होतंय, हे त्याला बघायचं असतं. पडद्यावरच्या मालिकेत यात आणखी एक भर पडते, काळाची. 1996 च्या पहिल्या भागात हा नट तिशीतला होता, 'फॉलआउट'च्या वेळी 55 वर्षांचा. मधली सगळी वर्षं आपणही जगलोय. तो धावतो तेव्हा आपण त्याचं वय मोजत असतो, आपलंही मोजत असतो. एकट्या स्वतंत्र सिनेमात, कितीही पैसा ओतला तरी, हे आणता येत नाही. प्रचंड बजेट मला खटकत नाही ते यासाठी, की इथे त्यातला मोठा हिस्सा खऱ्या उंचीवर, खऱ्या प्रकाशाची वाट बघण्यावर खर्च झालाय.

बाकीचं बोलणं सोडतो, एक शॉट दाखवतो. लंडन, ऑगस्ट 2017. एका इमारतीवरून दुसरीवर उडी. उजवा पाय भिंतीवर आदळतो आणि घोटा खरोखर मोडतो. पुढे काही आठवडे चित्रीकरण थांबलं. पण त्या क्षणी तो थांबत नाही, कठड्यावर चढतो, लंगडत कॅमेऱ्याच्या पुढून निघून जातो, आणि तोच टेक सिनेमात ठेवलाय.

दिवे घालवा. चेहऱ्याकडे बघू नका, पायाकडे बघा.