ब्लेनहाइमची नातसून

श्रोतेहो, नमस्कार.

6 नोव्हेंबर 1895. न्यूयॉर्कमधलं सेंट थॉमस चर्च पाहुण्यांनी फुलून गेलंय आणि नवरीचाच पत्ता नाही. वीसेक मिनिटं उशिरा ती आली. चेहऱ्यावर जाळीचं आवरण होतं, म्हणून रडून सुजलेले डोळे झाकले गेले.

नवरी होती कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, वय 18, रेल्वेच्या धंद्यात गब्बर झालेल्या घरातली. तिचं मन दुसऱ्या कुणावर होतं, पण आईपुढे तिचं काही चाललं नाही. आईला जावई हवा होता तो ड्यूकच, म्हणजे इंग्लंडातला सगळ्यात वरच्या दर्जाचा सरदार. तो मिळाला: मार्लबरोचा नववा ड्यूक, ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनहाइम राजवाड्याचा धनी. त्याच्यासाठी 25 लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर्स बाजूला काढले गेले. त्यांचं उत्पन्न त्याला तहहयात. तिकडे याला ‘सेटलमेंट’ म्हणतात. आपण हुंडाच म्हणू.

ड्यूकला एवढी नड कसली? 1870 नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू इंग्लंडात यायला लागला, धान्याचे भाव पडले आणि जमीनदारांचा खंड आटला. ब्लेनहाइमचं ग्रंथालय विकलं गेलं. 1885 मध्ये चित्रकार राफाएलचं मडोनाचं, म्हणजे येशूच्या आईचं, चित्र 70 हजार पौंडांना नॅशनल गॅलरीकडे गेलं. ज्या अमेरिकेच्या गव्हाने वाडा खचवला, तिच्याच रेल्वेच्या पैशाने तो सावरायचा, असा हा सगळा मामला.

वाड्यात आल्यावर कॉन्सुएलोची गाठ पडली आजेसासूशी. म्हातारीने काय सांगितलं, ते कॉन्सुएलोने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय: तुझं पहिलं काम म्हणजे मूल, आणि मुलगाच व्हायला हवा; नाहीतर तो आगाऊ विन्स्टन ड्यूक होऊन बसेल! हा आगाऊ विन्स्टन म्हणजे चर्चिल. म्हातारीचा सख्खा नातू बरं का! ड्यूकला मूल नव्हतं तोवर पुढचा हक्क या चुलतभावाचाच होता. 1897 मध्ये कॉन्सुएलोला मुलगा झाला आणि चर्चिलचा नंबर मागे सरकला.

मुलगी झाली असती तर? गंमत म्हणजे या एका घराण्यात मुलीलाही वाट होती, पण पुरुष वारस उरला नाही तरच. पहिल्या ड्यूकचा मुलगा तरुणपणीच देवीने गेला, तेव्हा खास पार्लमेंटचा कायदा करून पदवी लेकींकडेही जाईल अशी सोय झाली, आणि 1722 मध्ये त्याची थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. पण त्यासाठी लढाया जिंकलेला बाप लागतो. बहुतेक घराण्यांत नियम साधा: रक्ताचा पुरुष वारस, तोही औरस. दत्तकाला पदवी मिळत नाही, आजही नाही.

दत्तक म्हटलं की आपल्याला साताराच आठवणार. 1848 मध्ये छत्रपतींचा दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने गादी खालसा केली. हा डलहौसी स्वतः स्कॉटलंडचा अर्ल, म्हणजे सरदार, आणि पुढच्याच वर्षी त्याहून वरच्या पायरीचा मार्क्विस झालेला. त्याला दोन मुली, मुलगा नाही. 1860 मध्ये तो गेला, तेव्हा अर्लपद चुलतभावाकडे गेलं. मार्क्विसपदाला वारसच नव्हता, तेही खालसा!

कॉन्सुएलोचा संसार काही टिकला नाही. 1921 मध्ये घटस्फोट झाला. 1926 मध्ये चर्चने लग्नच रद्दबातल ठरवलं, आणि आपण पोरीवर जबरदस्ती केली अशी साक्ष खुद्द आईनेच दिली. मुलाचा हक्क मात्र अबाधित राहिला. तो दहावा ड्यूक झाला.

डिसेंबर 1964 मध्ये कॉन्सुएलो अमेरिकेत वारली. तिला ब्लेनहाइमशेजारच्या ब्लेडन गावी, धाकट्या मुलाजवळ पुरलं. दोन महिन्यांच्या आत त्याच लहानशा आवारात आणखी एक कबर खणली गेली. विन्स्टनची.