न भरलेली निविदा

टेंडर उघडतं त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या, म्हणजे दराच्या लिफाफ्यावर असतं. कोण अंदाजित रकमेच्या किती टक्के खाली (‘बिलो’) गेला, पहिला कोण लागला. (आता सगळं ऑनलाइन आहे, ‘लिफाफा’ फक्त नावाला उरलाय.) माझं लक्ष विचाराल तर निविदा सूचनेतल्या पात्रतेच्या अटींवर जातं. टेंडर भरायला कोण येणार आणि कोण घरीच बसणार, हे तिथेच ठरलेलं असतं.

मुंबईचंच एक प्रकरण सांगतो. जानेवारी १९७७. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर दुय्यम श्रेणीचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षं चालवायला द्यायचे होते. नोटिशीत अट होती : नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलवाला हवा आणि किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सहा निविदा आल्या. दरमहा ६,६६६.६६ रुपये देऊ करणाऱ्याला काम मिळालं. त्याच्याकडे कँटीन चालवण्याचा दहा वर्षांहून जास्त अनुभव होता, पण नोटिशीतल्या अटीत तो बसत नव्हता.

कोर्टात गेले ते रमण दयाराम शेट्टी. गंमत अशी, की त्यांनी निविदा भरलीच नव्हती! त्यांचं म्हणणं, अट मीही पुरी करत नव्हतो म्हणून गप्प बसलो. ती सैल होणार हे ठाऊक असतं तर मीही भरली असती. मग तुमचा काय संबंध, असं कुणीही म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये तसं म्हटलं नाही. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाचा गाभा हा, की सरकारी संस्थेने जाहीर केलेली अट आधी तिलाच बांधते. खासगी मालक आपल्या मर्जीने गिऱ्हाईक निवडेल. सरकारी संस्थेला राज्यघटनेचं कलम १४, म्हणजे समानतेचा हक्क, आड येतं.

अट चुकली असेल तर शुद्धिपत्रक काढा, मुदत वाढवा, सगळ्यांना कळू द्या. तेवढं केलं असतं तर हा वाद झालाच नसता.

अट म्हणजे लबाडीच, असं मात्र समजू नका. रस्त्याच्या कामात हॉट मिक्स प्लँट (खडी आणि डांबर गरम करून मिसळणारा कारखाना) अमुक किलोमीटरच्या आत हवा म्हणतात, त्याला कारण आहे. लांबून आणलेला माल वाटेत थंड होतो, मग रोलर कितीही फिरवा, दबत नाही. पण तो आकडा ठरवताना समोर डांबराचं तापमान होतं की कुणाच्या प्लँटचा पत्ता, हे अंदाजपत्रक करणाऱ्याला विचारायला हवं. प्री-बिड मीटिंग, म्हणजे निविदा भरण्याआधीची शंकासमाधानाची बैठक, त्यासाठीच असते. तिथे लेखी विचारा. चहा पिऊन परत येऊ नका.

रिंगबद्दल, म्हणजे निविदा भरणाऱ्यांच्या आपसातल्या संगनमताबद्दल, थोडक्यात. तीन निविदा आल्या की फाइलवर ‘स्पर्धा झाली’ असं लिहिता येतं. तिघं आपसात ठरवून आलेले असले तरीही. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असं संगनमत झाल्याचं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं आणि दंड केला. अटी कितीही चोख असोत, भरणारेच एक झाले तर त्या काय करणार?

शेट्टींचं काय झालं, हे राहिलंच. ते हरले. कोर्टात उशिरा आले, दुसऱ्याच कुणाच्या वतीने आल्याचं न्यायालयाला दिसलं, आणि तोवर ठेकेदाराचे सव्वा लाख रुपये खर्च झाले होते. ठेका ज्याला दिला होता, त्याच्याकडेच राहिला.