केबलचं टोक

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत रे रोडपासून साकीनाक्यापर्यंत कुठल्याही फॅब्रिकेशनच्या गाळ्यात जा, आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, तुटायला लागला, रॉड चिकटायला लागला की वेल्डर आधी मशीनला शिव्या घालतो. मशीन बिचारं बरेचदा ठीक असतं. ते बंद करा, प्लग काढा आणि केबल मशीनला जोडणाऱ्या कनेक्टरला जपून बोट लावा. चटका बसला, तर चोर सापडला.

हिशेब सोपा आहे. 200 अँपिअर करंट चालू आहे आणि ढिल्या जोडात फक्त 1 मिलिओहम रोध आहे, तरी तिथे 40 वॅट उष्णता तयार होते. म्हणजे पितळेच्या त्या तुकड्यात एक सोल्डरिंग आयर्नच पेटलेला!

नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात नवा कनेक्टर घेताना त्यावरचा आकडा वाचा. 35-50 लिहिलं असेल, तर 35 ते 50 चौरस मिलिमीटरची केबल. बारीक केबल मोठ्या कनेक्टरमध्ये स्क्रूच्या भरवशावर बसवू नका.

आता कनेक्टर बसवायला लागण्याआधी त्याची रबरी टोपी केबलवर चढवा. आधी, बरं का! मी स्वतः सगळं घट्ट करून झाल्यावर ती टोपी टेबलावर पडलेली पाहिली आहे, एकदा नाही, तीनदा.

केबल जिच्यात बसते ती कनेक्टरची पितळी नळी जेवढी खोल, तेवढंच रबर सोला. ब्लेड गोल फिरवा, पण तांब्यापर्यंत दाबू नका. शेवटचा पापुद्रा वाकवून तोडा. आतल्या तारा केसासारख्या असतात, दहा-वीस कधी कापल्या गेल्या ते कळतही नाही. जुनी केबल असेल, तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं. शेकडो तारा पॉलिश पेपरने घासत बसण्यापेक्षा चार बोटं केबल कापून टाका आणि चकचकीत तांबं लागलं की मग सोला.

काही कनेक्टरच्या पाकिटात तांब्याची छोटी पत्री येते. पोरं ती कचरा समजून फेकतात. ती तारांभोवती गुंडाळायची असते, नाहीतर स्क्रूचं टोक थेट तारांत घुसून त्या तोडतं. मग तारा नळीत पार तळापर्यंत सारा, अॅलन की (स्क्रूची षटकोनी चावी) लावा, दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळा, केबल ओढून बघा आणि टोपी पुढे सरकवा.

दुसऱ्या दिवशी टोपी मागे घेऊन पुन्हा की लावा. रात्रीत तारा दबून बसलेल्या असतात; स्क्रू अजून थोडा फिरतो.