सर्वो ड्राइव्ह: आधी करंट लिमिट, मग गेन

नमस्कार मंडळी. कोल्हापूरचं उद्यमनगर असो, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, जुन्या मशीनला सर्वो (वेग आणि जागा अचूक राखणारी मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह) बसवला की पहिला हात जातो गेनवर, म्हणजे चूक दिसली की ड्राइव्ह ती किती जोरात दुरुस्त करतो त्या सेटिंगवर. थांबा. आधी करंट लिमिट, म्हणजे मोटरला जास्तीत जास्त किती करंट द्यायचा ती मर्यादा.

(कॅमेरा नेमप्लेटवर)

ही प्लेट बघा. कंटिन्युअस, म्हणजे सतत चालणारा करंट, ४ अँपिअर; पीक, म्हणजे थोडाच वेळ चालणारा, १२. हे आकडे आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाची सरासरी) आहेत की साइन वेव्हच्या शिखराचे, ते मोटरच्या डेटाशीटमध्ये बघा. ड्राइव्हला कुठले लागतात, ते मॅन्युअलमध्ये. शिखराचा आकडा आरएमएस समजून भरला, तर करंट ४१ टक्के जास्त जातो. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे थेट दुप्पट. भट्टीशेजारच्या शेडमध्ये, एप्रिल-मे महिन्यात, ते वायंडिंग टिकणार कसं? आणि पीकच्या फार वर गेलात तर रोटरचे मॅग्नेट कायमचे कमजोर होतात. मोटर चालते, पण जोर गेलेला असतो.

पहिल्यांदा फिरवताना मोटर मशीनला जोडणारं कपलिंग सोडा आणि लिमिट ३० टक्क्यांवर ठेवा. फेज किंवा एन्कोडर (मोटरची जागा सांगणारा सेन्सर) उलटा लागला असेल तर मोटर उधळते; लिमिट कमी असलं की जोर आवरलेला राहतो. उभ्या अक्षाला मात्र आधी खालून भक्कम टेकू द्या. कपलिंग सुटलं की मोटरचा ब्रेक असून नसल्यासारखा, अक्ष सरळ खाली येतो.

दिशा बरोबर आली? वीज बंद करून कपलिंग जोडा, लिमिट पूर्ववत करा, मगच गेन. करंट लूप, म्हणजे करंट सांभाळणारा भाग, ऑटोट्यूनवर सोडा; ड्राइव्ह तो स्वतः जुळवतो. वेगाच्या लूपमध्ये इंटिग्रल (साचत आलेल्या चुकीवर चालणारा गेन) बंद ठेवून प्रपोर्शनल (त्या क्षणीच्या चुकीवर चालणारा) थोडा-थोडा वाढवा. मोटर गुणगुणायला लागली की तिथून ६०-७० टक्क्यांवर या. मग इंटिग्रल, आणि पोझिशन गेन सगळ्यात शेवटी.

(स्क्रीनवर करंटचा आलेख)

हे नीट बघा. वेग घेताना करंटचा माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट दिसतोय. ड्राइव्ह लिमिटला टेकलाय. आता गेन कितीही वाढवा, जोर वाढणार नाही. उलट तेवढ्या वेळात इंटिग्रल साचत जातो आणि अक्ष जागा सोडून पुढं जातो. इथं उपाय ॲक्सिलरेशन टाइमचा: ०.१ सेकंदाचा ०.२ केला की वेग घ्यायला लागणारा टॉर्क निम्म्यावर येतो.

कमी गेनलाच गुणगुण येत असेल तर पॅरामीटर सोडा, पाना घ्या. कपलिंगचा स्क्रू ढिला असतो, नाहीतर अक्ष सरकवणाऱ्या बॉलस्क्रूमध्ये प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असतो.

आणि सेव्हची कमांड द्यायला विसरू नका. बऱ्याच ड्राइव्हमध्ये त्याशिवाय वीज गेली की सगळी सेटिंग जाते.