तुमचं घर नकाशात आहे का? विकास आराखडा बदलायच्या आधी हे पाहा

नमस्कार राजेहो! हा माझ्या हातात आहे तो आमच्या नगर परिषदेच्या जुन्या विकास आराखड्याचा, म्हणजे गावात रस्ते, घरं, शाळा कुठं येतील ते ठरवणाऱ्या नकाशाचा झेरॉक्स. घड्या घालून घालून मधोमध फाटला, म्हणून सेलोटेप लावलाय. थोडा जवळून दाखवतो. बोट ठेवलंय ना, तिथं आमचं घर. आणि घरावरून सरळ गेलाय तो 12 मीटरचा रस्ता.

म्हणजे आजीची चूल, पाण्याचा रांजण, मागचं कडुनिंब, सगळं रस्त्यात. रस्ता काही झाला नाही, आजही तिथं बकऱ्याच बसतात. पण त्या दोन रेघांपायी बांधकामाची परवानगी मिळाली नाही, अन् परवानगी नाही म्हणून कर्ज नाही. बाबांचं आयुष्य टिनाच्या खोलीत गेलं.

आता तोच आराखडा सुधारायला घेतलाय. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगर रचना कायद्यात कलम 38 आहे. आराखडा लागू झाल्यापासून 20 वर्षांत एकदा तरी त्याची सुधारणा करायची, असं ते सांगतं. ही संधी हुकली की पुढची पिढीच उजाडते, म्हणून आज बोलतोय.

लोक नगर परिषदेत गेले की पहिले रंगीत नकाशाकडे धावतात. पिवळा म्हणजे राहायला, निळा म्हणजे दुकानं, जांभळा म्हणजे कारखाने. माझ्या मते ते नंतर. आधी मागायचा तो विद्यमान जमीन वापर नकाशा, म्हणजे आज जमिनीवर काय उभं आहे त्याचा नकाशा. कायद्यानं हा नकाशा आराखड्याच्या आधी करावा लागतो, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच बेततात. त्यात तुमची वस्ती मोकळी जागा म्हणून दिसली, तर तिथं बगीचा नाही तर शाळेचं मैदान काढणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? त्याच्या कागदावर तुम्ही नाहीच. आता वरून घेतलेले फोटोही वापरतात. पण कवेलूचं घर झाडाखाली असलं, तर वरून काय दिसणार? झाडच दिसणार.

दुसरी गोष्ट माणसं मोजायची. शेवटची जनगणना 2011 ची. तिच्यावरून पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधतात आणि किती घरं, किती शाळा लागतील ते ठरवतात. पण तालुक्याच्या गावात पोरांच्या शिक्षणासाठी खोली करून राहिलेली बाई, नवरा खेड्यावर शेतीत, हे कुटुंब कुठं मोजायचं? कॉलेजच्या मागच्या गल्लीत एकेका घरात चार-चार चुली पेटतात. भाड्याच्या खोल्यांची गरज पिवळ्या रंगात दिसत नाही, ती सांगावी लागते.

होतं काय, की घरं पाहिजेत म्हटलं की पिवळा पट्टा गावाबाहेर वाढवतात. मग कालच्या तुरीच्या वावरात लेआउट पडतो. रंग कुठवर जाणार हे ज्याला आधी कळलं, त्याचं भलं होतं. नळ अन् नाली मात्र तिथवर कधी पोचतील ते विचारू नका. त्यापेक्षा गावातच पाहा ना! कापसाच्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत स्टेशनाजवळ जुनी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, बंद पडून आहे. नकाशात ती अजून जांभळी. रस्ता, पाणी, वीज सगळं दारात, आणि आत बाभळी. खरंच बंद असेल तर तिचा वापर बदला, तिथं लहान घरं येऊ द्या, अशी सूचना कोणीही करू शकतो. त्यासाठी जमीन तुमच्या नावावर पाहिजे असं नाही.

नाल्याकाठचे असाल तर पूररेषाही पाहा. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत स्वस्तात प्लॉट मिळत असेल तर तो का स्वस्त आहे ते समजून घ्या.

ज्यांच्या जमिनीवर आरक्षण आहे, म्हणजे आराखड्यात ती शाळा, बगीचा अशा कामासाठी राखून ठेवली आहे, त्यांच्यासाठी कलम 127. आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण रद्द होतं. यात वकील लावा, माझ्या व्हिडिओवर भागवू नका.

प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना 30 दिवस. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहू नका, त्याचं कोणी काही करू शकत नाही. मौजा म्हणजे महसुली गाव लिहा, खसरा म्हणजे जमिनीचा नंबर लिहा, टॅक्स पावती आणि घराचा फोटो जोडा. आणि पाहिजे काय ते लिहा: हा रस्ता पूर्वेच्या सरकारी जागेकडून वळवावा. एवढं नेमकं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मग नियोजन समिती सुनावणीला बोलावते. त्या समितीत नगर परिषदेचे तीन सदस्य आणि नगर रचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. सुनावणीला स्वतः जा, कागद एकटा बोलत नाही.

मागच्या आठवड्यात मी नवा वापर नकाशा पाहून आलो. टेबलावर पसरला होता, कोपऱ्यावर पाण्याची बाटली ठेवलेली. आमचं घर आहे त्यात, नखाएवढा चौकोन. शेजारची तीन घरं नाहीत. सर्वेच्या दिवशी ती माणसं कापूस वेचायला गेली होती. त्या तिघांचे अर्ज मीच लिहून दिले, पोच त्यांच्याकडं आहे. सोमवारी परत जातोय, काय झालं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.