इंजिन बांधून झाल्यावर उरलेले काम

मित्रहो, जुन्या मोटारीचे इंजिन नव्याने बांधून झाले की काम संपले, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. गॅरेजमध्ये इंजिन जोडले जाते. पण त्याच्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि बेअरिंग्ज आपापल्या जागी खऱ्या अर्थाने बसतात त्या पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये, आणि म्हणून गाडी सुखरूप घरी आणणे हा बांधणीचाच शेवटचा टप्पा होय.

उदाहरणासाठी मी जुनी मार्क टू अँबॅसिडर घेतो. तिचे १४८९ सीसीचे इंजिन मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले आहे. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिलिमीटर, तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, जवळजवळ ८९ मिलिमीटर. क्रँक, म्हणजे पिस्टनची धाव गोल फिरवणारा मुख्य दांडा, तीनच मेन बेअरिंग्जवर फिरतो. लांब स्ट्रोकमुळे हे इंजिन कमी फेऱ्यांत चांगले ओढते, पण जास्त फेऱ्यांवर दामटलेले त्याला सोसत नाही. हिंदुस्तान मोटर्सचा पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला, तेव्हा सुटे भाग शोधताना कंपनीच्या नावापेक्षा प्रत्यक्ष मापावर विश्वास ठेवावा.

खानदेशात एक सोय आहे. शेतीपंपांची ऑइल इंजिने, ट्रॅक्टर आणि जीप यांच्यामुळे धुळे-जळगावात सिलिंडरचे बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे कसबी हात आहेत. मात्र डिझेल इंजिनाच्या पिस्टनला सिलिंडरमध्ये जी मोकळीक द्यावी लागते तीच पेट्रोल इंजिनाला देऊन चालत नाही, आणि ‘हाताला बरोबर लागतंय’ हे उत्तर कितीही अनुभवी माणसाने दिले तरी मी ते स्वीकारत नाही. सिलिंडर वरच्या टोकाशी, जिथे रिंग दिशा बदलून परत खाली वळते तिथे, सर्वाधिक झिजतो. त्यामुळे वर, मध्ये आणि खाली, तेही आडवे-उभे दोन्ही दिशांनी, माप घेऊन कागदावर लिहून मागावे. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. या बोअरला ती साधारण ०.३ मिलिमीटर असावी. फट फार कमी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडच्या विहिरी-बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेलेले असते, आणि त्याचा क्षार व गंज ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती, साचून राहतो. बाहेरून रंगवलेला ब्लॉक सुंदर दिसतो, पण कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूची धातूची टोपणे) काढून आतला गाळ खरवडला नसेल, तर मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या पत्र्याची) परीक्षा ठरलेलीच. पुढे शुद्ध पाणी आणि कूलंट यांशिवाय काही घालू नये.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि ऑइल प्रेशर दिसल्यावरच प्लग लावावेत. सुरू झाल्यावर मात्र आयडलिंगवर ठेवू नये, मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवावे. या इंजिनाचे टॅपेट (कॅमवर टेकून झडपा हलवणारे भाग) सपाट बुडाचे आहेत आणि कॅमच्या उंचवट्यांना तेल प्रामुख्याने क्रँकच्या उडवणीतूनच मिळते. मंद फेऱ्यांवर ते पुरेसे पोचत नाही. अलीकडच्या बऱ्याच ऑइलमध्ये झीज रोखणाऱ्या झिंकचे प्रमाण कमी केलेले असल्याने जुन्या इंजिनांसाठीचे ऑइल शोधून घालावे. मागच्या बाजूने थोडे तेल ठिबकले तर मेकॅनिकवर संतापू नका. तिथे सील नसून तेल परतवणारे आटे आहेत, आणि थोडे ठिबकणे हा त्या रचनेचा स्वभाव आहे.

आता रस्ता. समजा गाडी छत्रपती संभाजीनगरला बांधली आणि कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे धुळ्याला आणायची आहे. नव्या इंजिनापेक्षा मला काळजी वाटते ती जुन्या ब्रेकची. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषलेला असतो आणि व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही जड गाडी घाटात तापली की पेडल खाली जाते. टायरवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी टायर जुना असेल तर तो बदलावा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅमही नवे, त्याला टिकणारे हवेत.

घाट तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून उतरावा. त्यामुळे ब्रेक वाचतात आणि सिलिंडरमधल्या निर्वातामुळे रिंगांपर्यंत तेल खेचले जाऊन घासलेला धातू धुतला जातो; पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळसर धूर आला तर घाबरण्याचे कारण नाही. खरा मोह पुढे, चाळीसगावनंतरच्या सपाट रस्त्यावर होतो. तिथे एकाच वेगाने तास-तास जाऊ नये; ताशी ७० किलोमीटरच्या आत वेग कमी-जास्त करत राहावे आणि टॉप गिअरमध्ये इंजिन रखडवू नये. निघावे पहाटेच, म्हणजे ऊन चढण्याआधी घर गाठता येते. ब्लॉक बदलला असेल तर नवा इंजिन क्रमांक आरटीओकडून आरसी बुकावर नोंदवून घ्यावा, नाहीतर विम्याच्या वेळी अडचण येते.

घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत आणि टॅपेट तपासावेत. पहिले ऑइल सुमारे ८०० किलोमीटरवर बदलावे. त्या वेळी फिल्टरचा कागद उलगडून उजेडात पाहावा. बारीक करडी भुकटी दिसली तर ती नव्या रिंगांची आणि बोअरची आहे, ती अपेक्षितच असते. तांबूस चमकती खपली दिसली तर बेअरिंगचे वरचे आवरण गेले असे समजावे, आणि संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उघडून बेअरिंगचे शेल पाहिल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू करू नये.